वार्ताहराचा फोन ऐकताना

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ते एक प्रकरण मनातून जात नाही.

नक्षलग्रस्त भागातल्या वडशाला मी ठाणेदार होतो. एक स्थानिक वार्ताहर रोज सकाळी गुन्ह्यांच्या बातम्या घ्यायला ठाण्यात यायचा. बातमी दोन मिनिटांची, चहा आणि झाडीपट्टीच्या नाटकांवरच्या गप्पा तासभर. त्याने सागवान चोरीची बातमी छापली आणि थोड्याच दिवसांत आमच्या खबऱ्याने सांगितले, की हा माणूस नक्षलवाद्यांचे निरोप पोहोचवतो. वरून रीतसर परवानगी आली. त्याचा फोन ऐकायचे काम माझ्याकडे आले.

नक्षलवाद्यांचा एकही फोन नव्हता. होती ती चिमूरकडच्या गावातली त्याची आई. "बापू, गुडघा लय दुखून राह्यला रे. तू कवा येशीन?" माझी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. तो आवाज मी कामापेक्षा जास्तच ऐकला. दुसरा आवाज एका वनरक्षकाचा. सागवानाची बातमी त्यानेच दिली होती. त्याचे नाव फुटले असते तर चोरीमागच्या लाकूड ठेकेदाराने त्याला जिवंत सोडले नसते.

खबऱ्याला बोलावून पुन्हा विचारले. "काल सकाळीच त्याले जंगलात नक्षल्यांच्या दलमसोबत पाह्यलं, साहेब." काल सकाळी तर तो माझ्यासमोर बशीत चहा ओतत होता! थाप मारायची तर माणसाने निदान चौकशी करून मारावी. जरा दरडावल्यावर तो कबूल झाला, "ठेकेदारानं सांगाले लावलं." पुढे ठेकेदार मुद्देमालासह सापडला. बातमी कोणी फोडली, असे वरिष्ठांनी विचारले. परवानगी नक्षल संबंधांपुरती होती. वनरक्षकाचे नाव मी अहवालात लिहिले नाही, तोंडीही सांगितले नाही.

सगळे निभावले, असे वाटले. मग एका सकाळी चहा पुढे करताना मी सहज विचारले, "मायचा गुडघा कसा आहे?"

त्याने कप खाली ठेवला. "साहेब, मायचं मी तुमाले कधी सांगतलंच नाई."

मी समोरची फाईल उगाच उघडली.

"हे छापाले पाहिजे," तो म्हणाला. "पण छापलं तर माह्या फोनवर अजून कोण बोलत होतं, ते लोकं शोधतीन. त्याच्यासाठी नाई छापत."

तो उठून गेला. त्यानंतर बातम्या घ्यायला दुसराच कोणी येऊ लागला.

पोलिसाला ऐकण्याचा अधिकार लागतो, हे मी आजही मानतो. पण ज्याचे चोरून ऐकले, त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखे बोलता येत नाही, हे कोणत्याच प्रशिक्षणात सांगितले नव्हते. त्याच्या बातम्या रोज वाचतो. त्याची फार आठवण येते. त्याचा नंबर अजून पाठ आहे, पण लावायचा धीर होत नाही. त्यानेच एकदा लावावा, शिव्या द्यायला का होईना.