लस आधी कोणी घ्यायची

कारखान्यात नवा माणूस लागला की आठवड्याच्या आत त्याला माझ्यासमोर आणून बसवतात. "चचा, वो सुईवाला किस्सा सुनाओ." आणून बसवणारा मुस्तकीम. हा माणूस जेवायलासुद्धा लूम बंद करत नाही, एका हाताने रोटी खातो आणि दुसऱ्याने तुटलेला धागा जोडतो. पण मला बोलायला लावायचं असलं की आठही लूम बंद.

मी जॉबर आहे. बिघडलेला लूम चालू करायचा हे माझं काम, तोंड चालवायचं नाही. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. स्विचबोर्डाजवळच्या खिळ्याला हे कागद अडकवीन. ज्याला पाहिजे त्याने वाचावं, येत नसेल त्याने वाचून घ्यावं, आणि मला चहा पिऊ द्यावा. शाळा मी चौथीपर्यंत केली, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत.

आमच्या नारपोलीत कापसाची रुई सकाळी झाडली की दुपारपर्यंत परत बसते. पंख्यावर, भुवयांवर, चहाच्या ग्लासात. किस्स्यांचं तसंच. कोण आणतो कळत नाही, पण साचतात.

*

कोरोनाची लस आली तेव्हा आधी म्हाताऱ्यांनाच मिळत होती, साठीच्या वरच्यांना. कारखान्यात साठीच्या वर मी एकटा. मला वाटलं, एकट्याची गोष्ट आहे, कोणी विचारणार नाही. दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या पिंपाजवळ मीटिंग भरली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नव्या पार्टीकडून सुताचा लॉट आला की तो सगळ्या लूमवर चढवत नाहीत. आधी सात नंबरवर चढवतात. सात नंबर सगळ्यात जुना, खडखड करणारा. त्याच्यावर धागा टिकला तर कुठेही टिकतो. चार दिवस बघायचं, मग बाकीच्यांवर.

मुस्तकीम मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "नया सूत पहले सात नंबर पे चढ़ता है. चचा, हमारा सात नंबर आप हो."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मान हलवली. दीनानाथ मेहताजी म्हणजे मालकाचा माणूस, हजेरी घेणारा. त्याने तर वार पण काढला. म्हणाला सोमवारी घ्या, म्हणजे शनिवारपर्यंत कळेल.

मी विचारलं, सूत खराब निघालं तर सात नंबरवरनं कापून टाकता, माझं काय कापणार?

सगळे विचारात पडले. खरोखर विचारात पडले, तेच मला लागलं. मी सांगितलं, मी लस घेणार नाही, सोमवारी नाही आणि कधीच नाही. मला कोणी कर म्हटलं की माझे पाय जागच्या जागी रुततात. हा माझा स्वभाव आहे, लपवून ठेवलेला नाही.

*

मला माझ्यासाठी नको होती. बायकोसाठी पाहिजे होती.

हौसाला दमा आहे, जुना. पहिल्या लाटेत तिची अकलोलीची मोठी बहीण गेली. तिलाही दमाच होता. आठ दिवसांत गेली, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आमच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, काकूंना झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, लस द्या. तेव्हापासून ड्युटीवरून घरी आलो की मी आधी दारात उभा राहून तिचा श्वास ऐकायचो, मग चपला काढायचो.

तिला म्हटलं, जाऊन घेऊन ये. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मना नको ती सुई."

एक दिवस म्हणे हात दुखला तर भाकरी कोण थापणार. दुसऱ्या दिवशी म्हणे भावाच्या म्हशीला सुई दिली तर ती आटली. मी म्हटलं, तू कुठे दूध देतेस. त्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी नवीन कारण, दवाखान्यातली नर्स उर्मट आहे. बहिणीचं एवढं झालं तरी ही बाई ऐकेना.

शेवटी मी ओरडलो. तिने सूप खाली ठेवलं.

"तुमी घेतली काय?"

"माझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

मी बाहेर जाऊन रिक्षावाल्यांशी भांडून आलो.

*

कारखान्यात तोपर्यंत बातम्यांचा पूर आला होता. गावाहून ज्याला फोन येई तो नवीन काहीतरी घेऊन येई. मुस्तकीमच्या भावाने गोरखपूरकडनं कळवलं की लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो.

मला त्या वेळी अडुसष्ट होतं. मी म्हटलं, दोन वर्षं पक्की असं कोणी लिहून देत असेल तर आधी मलाच द्या. आमच्या गावात, अंजुरात, ऐंशीच्या डोकऱ्यालाही दोन तासांची हमी कोणी देत नाही.

मुस्तकीमने हे बोलणं भावाला फोनवर ऐकवलं. भावाने विचार केला आणि सांगितलं, तुझ्या चचाचं डोकं आधीच फिरलेलं आहे, त्याला लस काही करणार नाही.

मेहताजीची बातमी वेगळी होती. दंडाला लोखंड चिकटतं म्हणे. त्याने मोबाईलवर व्हिडिओपण दाखवला, एक माणूस उघडा बसलाय आणि अंगावर चमचे. मी म्हटलं, घामट माणसाला काहीही चिकटतं, आमच्याकडे येऊन बघ, रुई चिकटते.

*

होळी झाली, पाडवा झाला, हौसा हलेना. सरकारने वय खाली आणलं, पंचेचाळिशीच्या वरच्यांनाही लस सुरू झाली. म्हणजे मुस्तकीमला मिळू शकत होती, मेहताजीला मिळू शकत होती. ते जाईनात. सात नंबर चालू झाल्याशिवाय नवा लॉट चढवायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

इकडे घरी रोज एकच प्रश्न. तुमी घेतली काय. शेजारच्या दोन घरांत कोरोना आला. एका सकाळी हौसा अंगण झाडताना खोकली आणि झाडू धरून उभीच राहिली. दोन मिनिटं. मी मोजली. त्या दिवशी ठरवलं, हिचं तोंड बंद करायचं. घ्यायची आणि दंड हिच्या नाकासमोर धरायचा.

कारखान्यात कोणाला कळवलं नाही. पांढरा शर्ट घातला, आधारकार्ड खिशात टाकलं आणि गेलो. सेंटर म्युनिसिपालिटीच्या शाळेत. पोचलो तर गेटासमोरच्या झाडाखाली मुस्तकीम आणि मेहताजी. शिफ्ट सोडून आले होते. म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? मुस्तकीम म्हणाला, चाचीचा फोन आला होता, बोली अकेले मत छोड़ना. मला बरं वाटलं. म्हटलं, तोंडाने भांडते, पण काळजी आहे.

रांगेत चार तास गेले. मुस्तकीम माझ्या मागे अर्ध्या हातावर उभा. मी पाणी प्यायला वळलो तरी तो वळे.

आत लहानशी नर्स होती, माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, हात सैल सोडा." मी म्हटलं, हात सैल सोडला तर पाय सुटतील. ती हसली आणि म्हणाली, झालं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, लस.

मला फसवल्यासारखं वाटलं. सव्वा महिना ज्याच्यावरनं घरात आणि कारखान्यात भांडलो, ते थोडं तरी दुखायला पाहिजे होतं.

*

बाहेर अर्धा तास बसवतात. मी बसलो, समोर बाकावर हे दोघं. माझ्याकडे बघत. मी डोळे मिटले की मेहताजी उठून जवळ यायचा. मग त्याने पिशवीतनं लूमचा पाना काढला, माझाच, आणि माझ्या दंडाला लावून सोडला. पाना त्याच्याच अंगठ्यावर पडला. मेहताजी एका पायावर नाचला, खाली बसला, अंगठा धरला. मग मुस्तकीमला म्हणाला, "नहीं चिपकता." एवढं बोलून लंगडत पुढच्या दिवसाचं टोकन विचारायला गेला.

*

दुसऱ्या दिवशी मला ताप आला. हौसाने गोळी आधीच काढून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाली, आणि उतरला. मी अंथरुणात पडून तिला दंड दाखवला, आता बोल. ती म्हणाली, आधी पेज प्या.

तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. आमच्याकडे प्रत्येक लूमला एक पाटी असते. लूम का थांबला, कधी चालू झाला, ते खडूने लिहितात. सात नंबरच्या पाटीवर मेहताजीच्या अक्षरात लिहिलं होतं:

बुखार एक दिन. चाय पी. खाना खाया. गुस्सा किया. चालू.

मी विचारलं, गुस्सा कशाला लिहिलाय? मेहताजी म्हणाला, मुस्तकीमने फोनवर तब्येत विचारली तेव्हा तुम्ही त्याला शिव्या दिल्या. तेव्हाच आम्हाला खात्री पटली की सगळं ठीक आहे.

*

मग मुस्तकीम गेला. एकटा गेला नाही, मला घेऊन गेला. खुर्चीत बसला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटत होता आणि माझा हात धरला होता. हा माणूस तीस वर्षं लूमचा दांडा ओढतोय, त्याच्या पंजाची ताकद मला माहीत पाहिजे होती. सुई लागली आणि त्याने माझी बोटं आवळली. त्याला काही झालं नाही. मला दोन दिवस पाना धरता येईना.

नर्सने विचारलं, दुखलं का? तो म्हणाला नाही. मी म्हणालो हो.

त्यानंतर आठ दिवसांत कारखान्यातल्या पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांनी घेतली. मुस्तकीमने तर गावाकडच्या बायकोलाही फोनवर शपथ घालून घ्यायला लावली. राहिली एकच. माझ्या घरात.

*

आता माझ्याकडे बोलायला तोंड होतं. सकाळी चहा पिताना म्हटलं, हौसा, मी घेतली, ताप आला, उतरला, मेलो नाही. आता तुझं काय म्हणणं आहे?

ती म्हणाली, "चला."

एवढंच. म्हैस नाही, नर्स नाही, भाकरी नाही. लुगडं बदललं, आधारकार्ड घेतलं आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली. मी वाटेत तिला समजावत होतो, घाबरू नको, मुंगी चावल्यासारखं होतं, हात सैल सोडायचा. ती खाडीकडे बघत होती. मधेच म्हणाली, "बरं."

गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात टेबलावर कॉम्प्युटर घेऊन एक पोरगी बसली होती. तिने हौसाचा आधार नंबर टाकला आणि विचारलं, आजी, दुसरा डोस ना?

मी म्हटलं, पहिला. दुसरा माझा आहे, त्याला वेळ आहे.

पोरगी म्हणाली, नाही आजोबा, यांचा पहिला झालेला दिसतोय. मी म्हटलं, तुझा कॉम्प्युटर बिघडलाय, नीट बघ, ही बाई पावणेदोन महिने नाही नाही करतेय. तिने परत बघितलं. मग तारीख वाचून दाखवली.

होळीच्या आधीची. मी घेतली ती पाडव्याच्या नंतर.

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. लसीसाठी घरोघर फिरणारी गावची आशाताई तिथेच उभी होती, ती घाईघाईने कागद लावायला लागली. मी हौसाकडे वळलो. ती आत जाऊन बसली होती आणि पोलक्याची बाही वर करत नर्सला सांगत होती, "या हाताला दे गो. त्या हाताला मागल्या टायमाला दुखलं व्हतं."

मी दारातनंच विचारलं, "मग एवढे दिवस मला न्हाय न्हाय कशाला म्हणत होतीस?"

हौसाने माझ्याकडे बघितलं.

"तुमी गेला असता काय?"

नर्स म्हणाली, झालं. हौसा उठली, पदर सारखा केला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन अर्धा तास बसली. मी तिच्या शेजारी बसलो, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

मला फसवल्याबद्दलची माफी अजून माझ्याकडे यायची आहे. मुस्तकीमची नको, मेहताजीचीही नको. नाव लिहून ठेवतो: हौसाबाई काशिनाथ म्हात्रे, राहणार अंजूर.