दहा लाख नऊ आणि पुरणपोळीचा डबा

पोरांनो, आपल्या कात्रपच्या इमारतीत समोरच्या आजोबांइतका सुखी माणूस मी पाहिलेला नाही, आणि सुखी व्हायला त्यांना फक्त एक आकडा लागतो. तो कशाने भागतो ते आधी पाहायचं. कशानेच भागला नाही, म्हणजे मूळ संख्या निघाली, की दिवसभर शीळ घालत हिंडायचं. एकदा आजोबा उल्हासनगरला पडदा घ्यायला गेले. सिंधी दुकानदाराने तीनशे पंच्याण्णव सांगितले. आजोबा म्हणाले, "पाचाने भागतो. तीनशे सत्त्याण्णव घ्या, तो कशानेच भागत नाही." दुकानदार म्हणाला, "साईं, भाव ऊपर ले जानेवाला गिराइक पहली बार देखा."

आजोबा एकटे राहतात. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांना ठाऊक, पण स्वयंपाक येत नाही. म्हणून धुतलेल्या डब्यात ते चिठ्ठी ठेवत. त्यावर एक मूळ संख्या आणि खाली 'हिने दहा लाख नऊला भागून पाहा.' दहा लाख नऊ ही मूळच आहे, असं त्यांनी इमारतभर जाहीर केलं होतं. हजाराच्या आतल्या एकाही मूळ संख्येने ती भागली नाही की झालं सिद्ध, आणि मग पेढे. कुणी मोबाइल काढला तर म्हणत, "त्यालाच विचारायचं तर पुरणपोळीही त्यालाच द्या, वहिनी." घरोघरी भागाकार झाले. तिसऱ्या मजल्यावरचे हवालदार तर "बाकी उरली" असं सांगत बनियनवरच खाली आले. पेढ्यांची ऑर्डर गेली.

आमच्या पुरणपोळीच्या डब्यातून आली दोनशे त्र्याण्णव. मी कागदावर रेघ मारून नीट भागाकार मांडला. पहिल्याच पायरीला ८७९ वजा केले होते. शेवटच्या पायरीला पाहते तर समोर पुन्हा तेच ८७९. बाकी शून्य. परत केलं, पुन्हा शून्य. आनंदाने उठलेच, आणि मग पेढे आठवले. या माणसाला सांगायचं कसं?

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. "भाऊजी, जरा बघता?" ते उभ्यानेच एकेक ओळ बोटाने तपासत खाली आले.

"तीन हजार चारशे तेरा," आलेला भागाकार वाचत हळूच म्हणाले. "म्हणजे हिला जोडीदार होता तर." आणि एकदम जिन्यात जाऊन ओरडले, "अहो, फुटली! समोरच्या वहिनींनी फोडली!"

पेढे वाटलेच. मला दोन देत म्हणाले, "मूळ निघाली असती तर आनंद माझ्या एकट्याचा होता, वहिनी. हा तुमचाही."

हल्ली त्यांची नजर फार मंदावली आहे. काल डबा धुऊन आला. मी झाकण दोनदा उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. म्हणून आज थालीपिठांबरोबर मीच जाते आहे, एक आकडा पाठ करून. ते तोंडी भागतील, मी कागदावर ताडून पाहीन. तुम्हीही तिकडून एखादा पाठवा. मोठा असू दे. लवकर फुटणारा नको.