महादेवीबाईंचा पहिला कॉम्प्युटर

औशात टायपिंग क्लास चालवून महादेवीबाईंनी अर्ध्या गावाची बोटं वळणावर आणली. नव्वदच्या सुमारास त्यांनी क्लासात कॉम्प्युटर आणला, तेव्हा लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. बाईंनी कुणाला भीक घातली न्हाई. खोलीला नवा पंखा, चपला बाहेर, आणि मशीनला फुलाफुलांचं झाकण शिवलेलं. पातळ चौकोनी फ्लॉपी फटीत सरकवली, दांडी पाडली, की गडी कुरकुरत जागा व्हायचा. पार किल्लारीहून पोरी शिकायला यायच्या.

दोन-चार वर्षांत तो बंद पडला. फ्लॉपीच आत जाईना. लातूरच्या मेकॅनिकनं न उघडताच हात वर केले: जुना माल, पार्ट मिळत न्हाईत. नंतर नवे कॉम्प्युटर आले आणि गेलेही. हा आपला झाकणाखाली बसून राहिला.

यंदा बाईंच्या मुलानं, श्रीमंतनं, क्लासाची जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायचं ठरवलं. "माय, दसरा झाला की हे भंगारात." बाईंना ते लई लागलं. आयुष्यात एकदा त्या सगळ्यांच्या पुढं होत्या, त्याची तेवढीच खूण उरली होती.

"चालू झाला तर?" त्यांनी विचारलं.

"झाला तर ठेव. पण झाला पाहिजे की."

दसऱ्याला कलीम सोनं द्यायला आला. बाईंचा जुना विद्यार्थी, आता स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बाईंनी चहाच्या आधी त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला. पत्र्याचं झाकण उघडून त्यानं फटीतून चिमट्यानं एक वाळकं पान ओढलं. मग दुसरं, मग तिसरं. आपट्याची पानं.

"बाई, हे कुणी घातलं?"

बाई पंख्याकडं बघू लागल्या. "अरे, दसऱ्याला मशिनींना सोनं द्यायची रीत हाय. टाइपरायटरवर पान ऱ्हायचं, ह्याच्यावरनं घसरायचं. म्हटलं, तोंड हाय तर तोंडात द्यावं."

श्रीमंत हसून हसून खालीच बसला. कलीमनं तेवढ्यात आलेल्या चहाच्या कपात तोंड लपवलं. बाई मात्र फ्लॉपीचा डबा घट्ट धरून उभ्या होत्या, कारण भंगारवाला उद्या येणार होता.

कलीमनं आतलं सगळं पुसलं, फ्लॉपी सरकवली, दांडी पाडली. बराच वेळ काहीच न्हाई. मग कुरकुर झाली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"तारीख विचारायलाय," कलीम म्हणाला. "लई वर्षं झोपला, त्याला काय ठावं."

तो कीबोर्डला हात लावणार, तोच बाईंनी त्याला बाजूला सारलं. न बघता, दहाही बोटं जागेवर ठेवून, त्यांनी दसऱ्याची तारीख टाइप केली. डोळे भरून आले, तरी एकही आकडा चुकला न्हाई.

श्रीमंतनं हसू आवरून आईचे पाय धरले. "मोबाईलवाल्याला एक कोपरा सोडायला लावतो," म्हणाला. मग हातातलं आपट्याचं पान घेऊन तो मशीनपाशी गेला आणि फट शोधू लागला.

"वर ठेव," बाई म्हणाल्या. "घसरलं तर घसरू दे."