ताईला कॉम्प्युटरवर पाहायचं होतं

कॉम्प्युटरचा कोर्स केलेली हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या आमच्या गल्लीत मी एकटीच. त्यामुळं घरातलं कॉम्प्युटर अडलं की सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी त्या स्क्रीनकडं. कोर्समध्ये आम्हाला अर्ज टाइप करायला शिकवला होता, अक्षर जाड करायला शिकवलं होतं, रंगीत फुगे काढायला शिकवले होते. अडलं तर काय करायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. पण हे घरात बोलायची सोय नव्हती. जीपमध्ये कोंबून घेऊन हिंगोलीला जायचे-यायचे मी, बाबांनी दुकानातून पैसे काढून फी भरली होती, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी टांगलं होतं.

तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न होऊन दीडएक वर्ष झालं असेल. भाऊजी चेन्नईजवळच्या एका कारखान्यात होते. ताई दिवाळीला येणार होती, आली नाही. मग संक्रांतीला येणार होती, तेव्हाही नाही. सुट्टी नाही म्हणायचे. फोन मात्र दर आठवड्याला यायचा. "मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?" दर वेळी हेच, ह्याच चालीत. आई रिसीव्हर ठेवायची आणि तिथंच उभी राहायची.

"फोनवर काय, समदेच मजेत असतात," ती म्हणायची. "मला तिचं तोंड पाहू द्या एकदा. मंग सांगते मजेत हाय का न्हाई ते."

एकदा भाऊजीच बोलता बोलता म्हणाले, त्यात काय एवढं, आमच्यासारखं तुमच्याकडंही कॉम्प्युटर आहे, एक कॅमेरा घ्या, एक प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घ्या, घरबसल्या समोरासमोर दिसाल. झालं! आईनं दुसऱ्याच दिवशी बाबांना हिंगोलीला पिटाळलं. बाबा लिंबाएवढा एक कॅमेरा आणि त्याची सीडी घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "लाव."

लाव म्हणे! जसा काही बल्बच लावायचा होता.

आमच्याकडं इंटरनेट यायचं ते फोनच्या तारेतूनच. ते लावलं की आधी चिरकल्यासारखा आवाज व्हायचा, मग खरखर, मग शांत. शांत झालं की लागलं. मी प्रोग्रामवर क्लिक केलं, निळी पट्टी हळूहळू भरायला लागली. तिच्यासमोर मी मांडी घालून बसले. पट्टी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. वाट पाहिली, माउस हलवला, कॉम्प्युटरच्या डोक्यावर हलकी थापही मारली. काही नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी पाव भरून थांबली. तिसऱ्या वेळी चांगली काठापर्यंत गेली, माझा जीव भांड्यात पडायला आला होता, आणि तिथंही तेच.

असं कित्येक दिवस चाललं. कधी लाईट जायची, ते समजत होतं. पण लाईट असून, सगळं बराबर असून मध्येच का तुटतंय, ह्याचा काही पत्ताच लागेना. एके दिवशी मात्र पट्टी दिसेनाशी झाली आणि फाईल आली. मी ओरडलेच, "आलं!" आई ओल्या हातानं धावत आली. मी फाईलवर क्लिक केलं तर इंग्रजीतला एक चौकोन उघडला. शब्द सुटे सुटे कळत होते. फाईल पूर्ण नाही किंवा खराब आहे, दुसरी घ्या, असं काहीतरी. खाली एकच बटण, ओके. म्हणजे तुम्हाला पटो ना पटो, ओकेच म्हणायचं. डोकं असं फिरलं माझं!

"काय म्हणून राहिलं ते?" आईनं विचारलं.

"ओके म्हणतंय."

"मंग दिसंल आता?"

"नाही ना गं! जा बरं तू इथून." आई हात पुसत गेली.

बाबा दुकानातूनच म्हणाले, "सर्टिफिकेट नुसतं भिंतीला लावाया आणलं व्हय?" बाबांचं बी-बियाणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, त्यामुळं त्यांना घरातलं सगळं ऐकू यायचं आणि प्रत्येक गोष्टीवर ते बोलायचे.

शेवटी हिंगोलीहून कॉम्प्युटरवाला बोलावला. त्यानं डबा खोलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि ठरवून टाकलं, "व्हायरस हाय. फॉर्मॅट मारावं लागतंय." मला काय कळत होतं? मारा म्हटलं. त्यानं सगळं पुसून पुन्हा भरलं, चहा घेतला आणि गेला. तो गेल्यावर लक्षात आलं की कॉम्प्युटर मुकं झालंय. चालू करताना जी धून वाजायची, ती वाजेना. स्पीकरच्या वायरी काढल्या, घातल्या, डावीकडची उजवीकडं केली. काही नाही. आधी निदान एकच भानगड होती, आता दोन झाल्या. कॅमेऱ्याची सीडी घातली तर ती एकदा म्हणाली, हे आधीच बसवलेलं आहे. म्हणून काढायला गेले तर म्हणाली, असं काही इथं नाहीच. मी मुकाट्यानं कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. रडायला येत होतं. घरचे तोंडावर काही बोलत नव्हते, पण हिला काही येत नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय, असं मला वाटायला लागलं होतं.

दोन-तीन दिवसांनी हट्टानं पुन्हा बसले. पट्टी भरत होती. पाऊण झाली. तेवढ्यात पुढच्या खोलीत, दुकानातल्या फोनची घंटी बारीकशी टिणकली. एकदाच. आणि पट्टी थांबली.

आमच्याकडं एकाच तारेवर दोन फोन होते, एक दुकानात, एक स्वयंपाकघराच्या दाराशी. एकाला हात लावला की दुसरा असा टिणकायचा. मी उठून धावत गेले. दाराशी आई उभी. हाताला पीठ, रिसीव्हर खांद्यावर घेऊन कान लावलेला.

"आई!"

"काहून वरडते? लाईन पाहून राहिले मी."

आमच्या फोनचा भरवसा नव्हता. कुणाच्या नांगराखाली तार आली की आठ-आठ दिवस फोन मेलेला असायचा, आणि उचलून पाहिल्याशिवाय तो मेलाय हे कळायचंही नाही. म्हणून येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, बारीक सूर ऐकू आला की ठेवायचा, ही आईची सवयच होती. ताई सासरी गेल्यापासून तर दिवसातून किती वेळा ते तिलाच माहीत. न जाणो, नेमका ताईचा फोन यायचा आणि आपलं यंत्र मेलेलं असायचं. इंटरनेट लावलेलं असताना तिनं उचललं की आत नुसती खरखर. तिला वाटायचं लाईन बिघडली. ठेवायची, आणि थोड्या वेळानं निवळली का म्हणून पुन्हा उचलायची. उचललं की इकडं इंटरनेट तुटायचं.

"मला सांगायचं नाही का खरखर येतीय म्हणून?"

"तू आधीच तापलेली. उगं तुला कशाला अजून तकलीफ."

व्हायरस म्हणे! मला हसावं का रडावं कळेना. जिला ताईचं तोंड पाहायचं होतं, तीच रोज येऊन तार तोडत होती. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तिच्या गालाला लागलेलं पीठ दिसलं आणि तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः फोनपाशी पाट घेऊन बसली. ना स्वतः हात लावला, ना बाबांना लावू दिला. "आता तिनं फोन लावला तर एंगेज लागंल ना गं?" एवढंच मधून मधून विचारायची. लागेल, म्हणायचे मी. त्या दिवशी पट्टी काठोकाठ भरली आणि प्रोग्राम बसला. आवाज काही आला नाही. पण कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे चालू झाला, ह्याहून जास्त मला काही कळत नव्हतं.

रविवारची दुपार ठरली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, कॅमेऱ्यासमोर ताठ बसली. बाबा दुकानाचं दार लोटून मागं उभे राहिले. बऱ्याच वेळानं स्क्रीनवर एक चौकोन उजळला आणि त्यात ताई आली. चालतं-बोलतं चित्र नव्हतं ते. एक फोटो यायचा, थांबायचा, मग दुसरा यायचा. पहिल्यात ताई पावडर लावून हसत होती. दुसऱ्यात हात हलवत होती. तोंड हलल्यासारखं दिसायचं, पण आमचं कॉम्प्युटर मुकं.

"आवाज काहून न्हाई?" बाबा म्हणाले.

"चूप बसा," आई म्हणाली. "पाहू द्या."

मी 'ताई, दिसतेस' असं टाइप करून पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या फोटोत ताई हसतच होती. त्याच्या पुढच्यात जरा कमी. मग ती बाजूला कुठंतरी बघत होती. मग पुन्हा आमच्याकडं, पण आता हसणं गेलेलं. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली. त्यानंतरचा फोटो आला तेव्हा तिनं पदर तोंडात धरला होता. आणि मग ती रडत होती. हुंदका नाही, आवाज नाही, नुसती एकामागून एक रडणारी ताई.

मी आईकडं पाहिलं. आई हसत होती. कॅमेऱ्याकडं बघून, ओठ घट्ट धरून हसत होती. "माझ्या तोंडाकडं पाहून राहिली ती," ओठ न हलवता म्हणाली. "कुणी रडू नका."

लाईन तुटेपर्यंत ती तशीच हसत बसली. तुटल्यावर पदर सारखा केला, उठली आणि बाबांना म्हणाली, "उद्याच निघा. घेऊन या तिला." बाबांनी रात्रीच पिशवी भरली. सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले आणि तिथून रेल्वेनं पुढं.

ताई आली ती निम्मी होऊन. तिचं मूल पोटातच गेलं होतं, दिवाळीच्या आधी. परमुलखात, शेजारणीची भाषा कळेना, भाऊजी पाळीवर गेले की दिवसभर एकटीच. आईच्या जिवाला घोर नको म्हणून तिनंच भाऊजींना शपथ घातली होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "पण तुला कळलं कसं? मी फोनवर कधी रडले नाही."

"पाहिलं की म्या. त्या कॉम्प्युटरवर."

ताई उठूनच बसली. "मी दिसत होते? मला तर नुसता काळा चौकोन दिसत होता गं. सगळं लावून देऊन, कशाला हात लावू नको म्हणून हे सांगून गेले होते. आधी हसले मी. मग वाटलं, लागलेलंच नाही, कुणी बघत नाही."

कॅमेऱ्याचा दिवा लागला होता, पण आमचं चित्र गेलंच नव्हतं, मी टाइप केलेलंही नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे मी हसून राहिलते, ते हिला दिसलंच न्हाई?"

"नाही गं," मी म्हटलं. ताई सासरी गेल्यापासून आईला मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती रडली.