आमच्या राणीचं मयत

परवा रविवारी आमच्या फलटणजवळच्या घरात एक मयत झालं... म्हणजे झालं असं आम्ही धरून चाललो होतो. अजून ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहून मोकळी होते.

माझा नवरा फौजेत आहे आणि त्याची लाडकी राणी माझ्याकडे. राणी म्हणजे टॅरँट्युला... तळहाताएवढी केसाळ कोळीण! सुट्टी संपवून जाताना लोक बायकोला साडी देतात, यानं काचेची पेटी हवाली केली.

पण रोज पाणी ठेवता ठेवता जीव लागतोच. गेले काही दिवस ती खायला टाकलेल्या झुरळाला शिवतही नव्हती. आजारी असेल असं वाटायचं, पण तिकडं त्याला कशाला घोर, म्हणून मी गप्प राहिले.

रविवारी पाहिलं तर ती उताणी. आठही पाय वर... मी किंचाळलेच.

सासरे धावत आले. आमचे आबा, एरवी त्या 'किड्या'कडे ढुंकूनही न बघणारे. वाकून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "झालं तिचं, पोरी. घरातलं जनावर हाय, उकिरड्यावर न्हाई टाकायचं."

आमच्याकडे बैल गेला, कुत्रा गेला, की बांधावर खड्डा काढून, हळद-कुंकू वाहून, मीठ घालून पुरतात. राणीलाही तोच मान. आबांनी पेटी पोटाशी धरून उसाच्या बांधावर नेली, स्वतः खड्डा काढला. मी डोळे पुसत कुंकवाची डबी घेऊन उभी.

शेवटचं तोंड तरी बघू दे, म्हणून नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आबांनी मिठाची मूठ उचलली होती... आणि फोनमधून तो ओरडला, "आवं आबा, थांबा! मेली न्हाई ती, कात टाकतीया! उताणी पडूनच टाकत्यात. पेटी आता अजिबात हलवू नगा!"

आबांचा हात तसाच हवेत. मीठ बोटांतून त्यांच्याच पायावर सांडत होतं.

ऊन चढत होतं आणि पेटी हलवायची नव्हती. आबा टॉवेल ताणून सावली धरून उभे राहिले... माझ्या हातात देईनात. शेजारच्या रानातले काका डोकावले, "काय हाय रं तितं?" आबा दबक्या आवाजात म्हणाले, "बाळंतीण हाय. फुडं हो."

मग पाठीवरचं कवच झाकणासारखं सुटलं. हातमोज्यातून बोट काढावं तसा एकेक पाय बाहेर आला... ओला, फिकट, नवा. शेजारी जुनी राणी अख्खीच्या अख्खी, पण पोकळ! मी आ वासून बघत राहिले.

"लय सोसलंस गं पोरी," आबा म्हणाले. मला नाही, तिला.

तेव्हापासून एकच गोष्ट मला हादरवतेय. आमच्यात वाईट कुणीच नव्हतं. आम्ही रडत होतो, कुंकू वाहणार होतो... आणि इतक्या मायेनं एक जिवंत जीव पुरायला निघालो होतो.

त्या दिवशी बांधावर रेंज होती, त्या रेंजचे उपकार. नाहीतर जाता-येता मी तिथं हात जोडले असते, आणि आपण काय केलं ते मला जन्मात कळलं नसतं.