गौतम सरांचं टेस्टोस्टेरॉन

बार जमिनीवरून हललाच नाही. एकशे ऐंशी किलो. गौतम सरांनी थंडीत याच जागी दोनशे आरामात उचलले होते. त्यांनी बार सोडला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"मॅडम, अंगात काही राह्यलंच न्हाई," ते म्हणाले.

मी जालन्यातल्या एका जिममध्ये स्ट्रेंथ कोच आहे. गौतम सर बदनापूरला शाळेत गणित शिकवतात आणि पॉवरलिफ्टिंग करतात. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि जमिनीवरून बार उचलायची डेडलिफ्ट, आपल्या वजनगटात तिन्ही मिळून जो जास्त वजन उचलेल तो जिंकतो. राज्य स्पर्धा दीड-दोन महिन्यांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी जिमच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. सर तिथं मान खाली घालून बसले होते.

"रक्ताचा रिपोर्ट आला. सरांचं टेस्टोस्टेरॉन डाऊन आहे," मालक म्हणाले. "सायकल लावून टाकू. जल्दी फरक पडंल."

सायकल म्हणजे इंजेक्शनांचा कोर्स. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषांचा मुख्य हार्मोन. स्नायू, ताकद, उत्साह, मूल होणं, सगळ्यात त्याचा हात असतो.

"सर, रक्त कधी दिलं?"

ते माझ्याकडे बघेनात. बाईमाणसाशी हे कसं बोलायचं!

"गुडघा दुखला की सांगता ना मला? तसंच हे," मी म्हटलं.

"काल संध्याकाळी. इथूनच गेल्तो, व्यायाम झाल्यावर."

"हा हार्मोन सकाळी जास्त असतो. आराम करून सकाळी परत द्या. डॉक्टरांना दाखवा. तोवर इंजेक्शन नाही."

मालकांना ते आवडलं नाही. "मॅडम, जिमच्या नावाचा सवाल आहे. सर हरले तर तुमची ही बॅच दुसऱ्या कोचकडे जाईल."

"चालेल," मी म्हटलं.

सकाळचा आकडा थोडा बरा आला, पण कमीच. डॉक्टरांना आजार काही सापडला नाही. मी सरांना म्हटलं, घरी काय चालतं ते विचारायचंय, रविवारी ताईंना घेऊन या.

सरांच्या पत्नी सुनंदाताई आल्या त्या तक्रारींनी भरूनच आल्या होत्या. "पहाटे उठून गच्चीवर वजनं उचलतेत. संध्याकाळी इथं. खालच्या वजनगटात बसायचं म्हणून भाकर बंद, तेल बंद, नुसती काकडी अन् अंड्याचं पांढरं. पोरगी जवळ गेली तरी खेकसतेत."

गच्चीवरचं मला काहीच माहीत नव्हतं.

"जड वजन उचललं की टेस्टोस्टेरॉन वाढतं, असं व्हिडिओत सांगतेत," सर हळूच म्हणाले. "मंग मी डबल करून राह्यलो."

ते अर्धंच खरं होतं. जड व्यायामानंतर हा हार्मोन थोडा चढतो, पण तासाभरात पुन्हा जागेवर येतो. स्नायू मोठे होतात ते व्यायाम, जेवण आणि झोप मिळून. यातली झोप आणि जेवण काढून घेतलं आणि व्यायाम दुप्पट केला, की शरीर घाबरतं. कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन वाढतो, टेस्टोस्टेरॉन खाली येतं. सरांचं बरोबर तेच झालं होतं.

"अन् इंजेक्शन घेतलं तर?" सुनंदाताईंनी विचारलं.

"बाहेरून आयता माल आला की शरीर स्वतः बनवायचं थांबवतं. शुक्राणू घटतात. डोप टेस्टमध्ये सर सापडले तर बंदी वेगळीच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना दुसरं मूल हवं होतं.

"बिलकुल घ्यायचं न्हाई," सुनंदाताई म्हणाल्या. विषय संपला.

गच्चीवरचा व्यायाम बंद झाला. वजन उतरवण्याचा हट्टही सोडला. वरच्या वजनगटात नाव दिलं. भाकरी, शेंगदाणे, दूध, अख्खी अंडी सुरू झाली. पहिले काही दिवस फक्त हलकी वजनं दिली. सर वैतागले.

"मॅडम, व्यायाम कमी करून ताकद वाढत असती का?"

"वाढते."

मालक रोज दारातून बघून जायचे. मीही घरी जाऊन स्वतःला सरांचाच प्रश्न विचारायची.

मग एके संध्याकाळी सर आल्या आल्या पूर्वीसारखी कुणाची तरी नक्कल करायला लागले. सगळी जिम हसली. त्या दिवशी दोनशे किलो असे वर आले, की मी बारवरच्या प्लेटा पुन्हा मोजल्या.

स्पर्धेत शेवटच्या डेडलिफ्टला सुवर्णासाठी दोनशे पंधरा लागत होते. सरांनी ते आजवर कधीच उचलले नव्हते. बार गुडघ्यापाशी अडला. थरथरला. सर ओरडले आणि ताठ उभे राहिले. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे लागले, म्हणजे लिफ्ट मान्य. सुनंदाताई खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होत्या. मला आतापर्यंत माहीतच नव्हतं त्यांना शिट्टी वाजवता येते.

पुढच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं. मालकांनी जिमवर सरांचं भलंमोठं बॅनर लावलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हे हार्मोनचं जरा सगळ्या बॅचेसला समजावून सांगा." इंजेक्शनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता पोरं हार्मोन वाढवायचा उपाय विचारत येतात. मी विचारते, रात्री किती झोपला आणि सकाळी काय खाल्लं? निम्मी तिथूनच परत जातात.