साजाला बांधलेला पार

वडील गेले त्या वर्षी मी गढ्यात, आमच्या शहराच्या जुन्या भागात, एका झाडाला पार बांधून दिला. झाड साजाचं, आपण मराठीत त्याला ऐन म्हणतो. टेकडीच्या पायथ्याशी, गोंडांच्या वस्तीला लागून ते उभं होतं आणि वडील संध्याकाळी फिरायला गेले की त्याच्या मुळांवर टेकायचे. उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात घालवलेल्या माणसाचं नाव या शहरात कुठेतरी राहावं, असं मला फार वाटायचं. झाडाला पार बांधणं आपल्याकडे पुण्याचं काम. मी चारी बाजूंनी सिमेंट ओतवलं, वर फरशी बसवली आणि भेडाघाटहून संगमरवराची पाटी कोरून आणून वडिलांचं नाव लावलं. वस्तीतल्या कोणालाही मी विचारलं नाही. इतिहासाची शिक्षिका होते मी, मला कोणाला काय विचारायचं होतं?

दोन वर्षं तिथे दिवा लावायला जायची, मग गुडघे धरले आणि पुढची दहा-बारा वर्षं तिकडे फिरकले नाही. मागच्या हिवाळ्यात कळलं की वस्तीतलीच एक मुलगी दर रविवारी लोकांना पायी गढा दाखवते, गोंड राजांच्या खुणा आणि आजही पाळल्या जाणाऱ्या रीती. मी नाव नोंदवलं. भाऊ म्हणाला, "काहून जाऊन राहिली तू? जन्मभर हेच तर शिकवलं." वाटेत आपला पार लागेल, चार लोक नाव वाचतील, हा लोभ होता, तो मी त्याला सांगितला नाही.

मुलगी विशीतली, आवाज खणखणीत. तिने तलाव दाखवला, जुनी भिंत दाखवली, एका घरात नेऊन दारापुढे काढलेली मातीची नक्षी दाखवली. राजांचा क्रम सांगताना मी तिला दोनदा मध्येच टोकलं. ती "अच्छा जी" म्हणाली आणि पुढे चालू लागली.

झाड वाळलं होतं. साल गळून गेलेलं खोड माझ्या फरशीतून वर आलं होतं, आणि तिने सगळ्यांना चपला काढायला लावल्या. बडादेव इथे राहायचे, ती सांगू लागली. त्यांना मूर्ती लागत नाही, देऊळ लागत नाही. साजा हेच त्यांचं घर. पेरणीआधी वस्ती इथे मातीवर बसायची. मग कोणीतरी सिमेंट ओतलं, मुळांना पाणी मिळेना, आणि तिसऱ्या वर्षी पालवी फुटली नाही. एवढं सांगून तिने पाटीवरचं माझ्या वडिलांचं नाव आडनावासकट मोठ्याने वाचलं. लोकांनी फोटो काढले. "कैसे-कैसे लोग होते हैं," एक बाई म्हणाल्या.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की हे वडिलांनी नाही, मी केलं. ज्या तोंडाने मी पोरांना चूक कबूल करायला लावायची, ते उघडलंच नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

सगळे गेल्यावर मी तिला गाठलं आणि खरं ते सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"पता है, दीदी. मैं छोटी थी. दादी आपको रोकने आई थीं. आपने उनके हाथ में पेड़ा रख दिया था."

मला ती म्हातारी आठवत नव्हती. कितीजणांना पेढे वाटले होते त्या दिवशी. मी म्हणाले, पाटी उद्याच काढून नेते.

"रहने दीजिए. हमारे साथ जो हुआ, वो और कहीं लिखा नहीं है."

"पण माझ्या वडिलांचा काही दोष नाही गं," मी मराठीतच बोलून गेले. तिला ते कळलं.

"तो नीचे अपना नाम खुदवा दीजिए," ती म्हणाली. "मैं वो भी पढ़ दूँगी."

त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून नाव कोरून घेतलेलं नाही. दर रविवारी ती वडिलांचंच वाचते.